सहा स्वरांचे तीन स्वभाव

घरात पेटी असेल तर पुढ्यात घ्या. नसेल तर मोबाइलवरचं पियानोचं एखादं ॲपही चालेल. पांढरी एकला षड्ज मानायचं आणि फक्त सहा पट्ट्या वापरायच्या: पांढरी एक, काळी एक, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी सहा आणि पांढरी सात. म्हणजे षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत आणि शुद्ध निषाद. पंचम वर्ज्य. बाकीच्या पट्ट्या पेटीवर नाहीतच असं समजा.

एवढ्या सहा स्वरांतून हिंदुस्थानी संगीतात तीन मोठे राग उभे राहतात: मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांचे स्वर तेच. विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांची दहा थाटांत वाटणी केली तेव्हा हे तिघेही एकाच थाटात, मारवा थाटात, बसले. कागदावर स्वर लिहून काढले तर तीन रागांत फरक काय, हे नवख्याला सांगता येणार नाही.

कानाला मात्र क्षणात कळतं. मारवा ऐकताना जीव टांगणीला लागतो. दिवस बुडतोय, आणि काहीतरी करायचं राहून गेलंय अशी हुरहूर लागते. पूरिया गंभीर आहे. तोही सांजेचाच, पण त्याने अस्वस्थतेशी तडजोड केलेली आहे. सोहनी या दोघांची धाकटी बहीण म्हणावी तर स्वभावाने अगदी उलटी. चंचल, उत्कट, उत्तररात्री जागी असलेली. ‘मुघल-ए-आझम’मध्ये (१९६०) सलीम आणि अनारकलीच्या प्रणयप्रसंगामागे उस्ताद बडे गुलाम अली खाँ जे गायले, ते सोहनीतच.

स्वर सारखे आणि भाव वेगवेगळे. मग भाव येतो कुठून?

भरतमुनींनी हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाताळला होता. नाट्यशास्त्रात स्वरांची रसांशी सरळ सांगड घातलेली आहे. मध्यम आणि पंचमाकडे हास्य आणि शृंगार, षड्ज आणि ऋषभाकडे वीर, रौद्र, अद्भुत; गांधार आणि निषादाकडे करुण; धैवताकडे बीभत्स आणि भयानक. आज ही यादी वाचताना हसू येतं, कारण धैवत ऐकून कोणी घाबरून पळाल्याचं आपल्याला माहीत नाही. पण यादीमागचा विचार नीट पाहिला तर तो चक्रावून टाकतो. स्वर नुसता हजर असून भागत नाही, रचनेत त्याचं प्राबल्य असावं लागतं, असं भरतमुनी म्हणतात. म्हणजे कोणते स्वर आहेत याच्या इतकंच, त्यांतल्या कोणाची सत्ता चालते हेही महत्त्वाचं.

आपल्या तीन रागांत सत्तांतर स्पष्ट दिसतं. मारव्यात राज्य कोमल ऋषभाचं आणि त्याला साथ धैवताची. पूरियात गंधार राजा आणि निषाद प्रधान. सोहनीत धैवत वरचढ, गंधार जोडीला. वादी-संवादी म्हणतात ते हेच. पण राजा बदलला म्हणून ऐकणाऱ्याच्या पोटात का कालवावं? त्याचं उत्तर गवयाच्या मागे बसलेल्या तंबोऱ्यात सापडतं.

मिरजेत तंबोरे घडतात. तिथले कारागीर घोडीवर तार जिथे टेकते तो भाग घासून असा काही गोलसर करतात, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा असा सरकवतात, की तार छेडल्यावर नुसता एक नाद निघत नाही. त्या नादाच्या आत दडलेले वरचे उपस्वर एकामागून एक उमलत जातात. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांना याचं एवढं नवल वाटलं की त्यांनी १९२१ साली यावर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर उमटू नये, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. तंबोऱ्याच्या घोडीने ते धाब्यावर बसवलं होतं.

खरजाच्या, म्हणजे मंद्र षड्जाच्या, तारेतून असाच एक गंधार आपोआप ऐकू येतो. कोणी न छेडता उमटणारा, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आता हिशेब करून पाहू. सोयीसाठी षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू आणि बाकीचे स्वर जुन्या शुद्ध प्रमाणांत मांडू. कोमल ऋषभ येतो २५६ वर, गंधार ३०० वर, धैवत ४०० वर, निषाद ४५० वर. गवयाचा गळा या आकड्यांच्या थोडा अलीकडे-पलीकडे फिरत असतो, पण चित्र बदलत नाही.

या रागांत पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादात मिळवतात. पूरियाचा गवई गंधारावर थांबतो तेव्हा तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार त्याला खांदा द्यायला तयारच असतो. निषादावर थांबतो तेव्हा पहिली तार तोच स्वर बोलत असते. शिवाय गंधार ३०० आणि निषाद ४५०, म्हणजे बरोबर दीडपट, षड्ज-पंचमाचं नातं. पूरियाची दोन्ही विश्रांतिस्थानं तंबोऱ्यात मुरलेली आणि एकमेकांशी जुळलेली आहेत.

मारव्याची गंमत बघा. २५६चा ऋषभ २४०च्या षड्जाला खेटून उभा. दोन नाद इतके जवळ आले की ते एकमेकांत मिसळत नाहीत, सेकंदाला सोळा वेळा एकमेकांवर आदळतात आणि कानाला खरखर जाणवते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ च्या आपल्या ग्रंथात कर्कशपणाचं मूळ या आघातांतच दाखवलं होतं. धैवतालाही तंबोऱ्याच्या ठळक उपस्वरांत थारा नाही. आणि ऋषभ-धैवताचं आपसातलं नातं? २५६ची दीडपट ३८४. धैवत आहे ४००वर. वादी आणि संवादी यांच्यात संवादच नाही, ही मारव्याबद्दलची जाणकारांची जुनी तक्रार. तक्रार कसली, तोच या रागाचा प्राण आहे. ज्या दोन स्वरांवर गवई सर्वाधिक रेंगाळतो, ते दोन्ही तंबोऱ्याशी फटकून आणि आपसातही न जुळणारे. ऐकणाऱ्याला बेचैन वाटावं यासाठी याहून चोख व्यवस्था सुचणं कठीण आहे.

हे झालं नादाचं. पण सोहनीत धैवत वादी असूनही बेचैनीऐवजी उत्कटता आहे. ती समजायची तर तंबोरा सोडून गळ्याकडे यावं लागतं.

पूरिया बहुतांशी मंद्र आणि मध्य सप्तकात, सावकाश, मींडेने स्वराला स्वर जोडत चालतो. सोहनी तार षड्जाच्या आसपासच वावरते; वर झेपावते, चटकन उतरते, पुन्हा वर जाते. आता माणूस बोलतो कसा ते आठवा. मन खिन्न असताना आवाज खाली येतो, शब्द सावकाश पडतात, स्वर वाक्याच्या शेवटी घसरतो. आनंदाची किंवा ओढीची बातमी सांगताना आवाज चढतो, वेग वाढतो, चढउतार मोठे होतात. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का यांनी २००३ साली बोलण्यातल्या भावनांवरचे १०४ आणि वादन-गायनातल्या भावनांवरचे ४१ अभ्यास शेजारी शेजारी ठेवून तपासले. वेग, आवाजाची पातळी, उंची, नादाचा पोत यांचे जे संकेत राग, दुःख, आनंद बोलण्यातून कळवतात, जवळपास तेच संकेत संगीतही वापरतं, असं त्यांना दिसलं. सतार काही रडत नाही. पण तिची मींड रडणाऱ्या गळ्याच्या वळणाने जाते, आणि आपला कान ते वळण जन्मापासून ओळखतो.

म्हणूनच स्वर कोणता याहून स्वरापर्यंत कसं जायचं, याचा आपल्या गुरूंनी इतका आग्रह धरला. पेटीच्या पट्ट्या ठोकळ ठोकळ. दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिला घेता येत नाही. याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती तीस वर्षं टिकली. बंदी टोकाचीच होती, आणि आज पेटीवाचून मैफल उभी राहत नाही. पण आक्षेपात तथ्य होतं. भावनेचा बराचसा ऐवज दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर असतो. आपण आरंभी पेटीवर सहा स्वर वाजवले, तिथे मारव्याचा सांगाडा मिळाला. मारवा मिळायला गळा किंवा तार लागते.

तिसरी गोष्ट सगळ्यात सूक्ष्म, आणि मला विचाराल तर सगळ्यात थक्क करणारी. ती म्हणजे वाट पाहायला लावणं.

मारव्याचा आलाप कान देऊन ऐका. मंद्र धैवत, निषाद, आणि गवई थेट कोमल ऋषभावर जाऊन उभा राहतो. षड्ज मध्येच ओलांडला गेला. आपल्याला वाटतं, आता परत येईल. तो पुन्हा निषादावर येतो, धैवतावर उतरतो, पुन्हा ऋषभ. गंधारापर्यंत जाऊन वळतो, षड्जाच्या उंबरठ्याशी येतो आणि आत न शिरता परत फिरतो. मागे तंबोरा षड्ज-षड्ज म्हणत असतोच, म्हणून तर षड्जाची तहान वाढत जाते. कितीतरी आवर्तनांनंतर एकदाचा तो षड्ज लागतो, आणि सभागृहात एकाच वेळी शंभर तोंडांतून ‘आहा’ निघतो. त्या शंभर जणांत परस्परांची ओळख नसते. पण सगळे एकाच क्षणाची वाट बघत होते. उस्ताद अमीर खाँ यांच्या मारव्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेत ही टाळाटाळ संथ लयीत ऐकायला मिळते, आणि वसंतराव देशपांड्यांच्या मारव्यात तीच अस्वस्थता आक्रमक होऊन येते.

अमेरिकी संगीतज्ञ लेनर्ड मायर यांनी १९५६ साली आपल्या पुस्तकात हाच सिद्धांत मांडला होता: संगीत अपेक्षा निर्माण करतं, ती लांबवतं, चुकवतं किंवा पुरी करतं, आणि या खेळातून भावना जागी होते. तेव्हा हा केवळ तर्क होता. पुढे कॅनडातल्या माँट्रियल शहरात त्याला मेंदूतला पुरावा मिळाला. ॲन ब्लड आणि रॉबर्ट झातोरे यांनी २००१ साली, अंगावर काटा आणणारं स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्या लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली. जेवण आणि प्रणय यांनी उजळणारी मेंदूतली सुखाची केंद्रं तिथे उजळली होती. २०११ मध्ये व्हॅलोरी सालिमपूर आणि झातोरे यांच्या गटाने आणखी खोलात जाऊन पाहिलं. डोपामिन हे रसायन दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या जागी स्रवत होतं. अत्युच्च क्षण आला तेव्हा एका भागात, आणि तो यायच्या आधी, नुसती चाहूल लागली असताना, दुसऱ्या भागात. वाट पाहणं हाच आनंदाचा अर्धा हिस्सा आहे. तबल्याची तिहाई समेवर येऊन पडण्याआधीच ज्यांची मान हलायला लागते, त्यांना हे प्रयोगशाळेत जाऊन शिकावं लागत नाही.

मग हे सगळं जगभर सारखंच चालतं का? इथे उत्तर दोन तोंडांचं आहे, आणि दोन्ही तोंडं खरी आहेत.

१९९९ साली लॉरा-ली बॉल्कविल आणि विल्यम टॉम्पसन यांनी तीस पाश्चात्त्य श्रोत्यांना हिंदुस्थानी रागांचे तुकडे ऐकवले. कलावंतांनी ते आनंद, दुःख, क्रोध किंवा शांती मनात धरून सादर केले होते. श्रोत्यांना रागदारीचा गंध नव्हता. तरी आनंद, दुःख आणि क्रोध त्यांनी ओळखले. दहा वर्षांनी थॉमस फ्रित्झ आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट धरली. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये डोंगरात राहणाऱ्या, पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या माफा लोकांना त्यांनी पियानोचे तुकडे ऐकवले. आनंदी, दुःखी आणि भीतिदायक तुकडे माफांनाही ओळखता आले. २०१८ साली सॅम्युअल मेर आणि त्यांच्या गटाने ८६ समाजांतली गाणी गोळा करून ६० देशांतल्या ७५० लोकांना इंटरनेटवरून ऐकवली. भाषा कळत नसताना अंगाई कोणती आणि नाचाचं गाणं कोणतं, हे ऐकणाऱ्यांना सांगता आलं. कुठलीही आई बाळाला निजवताना ओरडून, ठेक्यात, घाईघाईने गात नाही. आणि तेवढं कळायला भाषा लागत नाही.

हे एक तोंड. दुसरं असं, की २०१६ साली जॉश मॅकडरमॉट यांच्या गटाने बोलिव्हियातल्या ॲमेझॉनच्या जंगलातल्या चिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्या ऐकवल्या. आपल्याला जो विसंवाद टोचतो तो त्यांना टोचला नाही; दोन्ही प्रकार त्यांना सारखेच आवडले. म्हणजे आघात कानात होतात हे भौतिकशास्त्र, पण सुसंवाद गोड आणि विसंवाद नकोसा वाटणं निदान काही अंशी आपण शिकलेलं आहे. मारव्यातली सांजही अशीच थोडी शिकलेली. कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार असलेल्या रागांना संधिप्रकाशाची वेळ भातखंड्यांनी जोडली, आणि पिढ्यानपिढ्या ते स्वर आपण त्याच वेळी ऐकत आलो. ‘मावळत्या दिनकरा’ या भा. रा. तांबे यांच्या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावली ती मारव्याच्या अंगाने. मराठी कानात मावळता सूर्य आणि मारवा यांची गाठ त्यामुळे अधिकच पक्की झाली. चिमाने माणसाला त्यात सूर्यास्त ऐकू येणार नाही. वेग, उंची, आवाजाची पातळी हे माणुसकीचं समाईक धन. त्यावरचं नक्षीकाम ज्याच्या त्याच्या घरचं.

१९९९ च्या प्रयोगात एक भाव पाश्चात्त्य श्रोत्यांच्या हातून निसटला होता: शांती. याला फार जुना जोडीदार आहे. भरतमुनींचे रस आठच. शांत हा नववा रस मानायचा की नाही, यावर पुढे शतकानुशतकं वाद झाला, आणि सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी त्याची बाजू हिरिरीने लढवली. आनंद, शोक, क्रोध यांना शरीर आहे: आवाज चढतो, पडतो, धारदार होतो. शांतीचा आवाज कसा ओळखायचा? ती संथ असते, आणि दुःखही संथच असतं. ज्या रसाला रस म्हणावं की नाही याबद्दल पंडितांचंच एकमत होईना, तो परक्या कानांना हुलकावणी देऊन गेला यात नवल नाही.

आता राहिलं एक कोडं. दुःखी संगीत आपण पैसे देऊन का ऐकतो? घरी दुःख आलं तर आपण ते टाळायला धावतो. मैफलीत तेच मागून घेतो, ‘पुन्हा एकदा’ म्हणतो. याचं उत्तर रसशास्त्राने केव्हाच देऊन ठेवलं आहे. शोक हा भाव आणि करुण हा रस, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. शोक कोणाचा तरी, कशासाठी तरी असतो. त्याला नाव-गाव असतं, त्याच्यामागे करायची कामं असतात. गाण्यात त्यातलं नाव-गाव गळून पडतं. कोणी गेलेलं नाही, कोणाला कळवायचं नाही, कोणाला सावरायचं नाही. उरतो फक्त भाव, सगळ्यांच्या मालकीचा, आणि म्हणून कोणालाच न चिरडणारा. अभिनवगुप्त याला साधारणीकरण म्हणतात. कंठ दाटून येतो आणि तरी बरं वाटतं, याची याहून नेमकी मांडणी माझ्या तरी वाचनात नाही.

तेव्हा भाव कुठून येतो, या प्रश्नाला एकच एक जागा दाखवता येत नाही. थोडा तो तंबोऱ्याच्या कंपनांत आहे, थोडा गळ्याच्या वळणात, थोडा लांबवलेल्या षड्जात, आणि थोडा आपण लहानपणापासून काय ऐकत आलो त्यात. सुट्या स्वरात तो नाही, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं. राग सप्तकात नसतो, चलनात, म्हणजे स्वरांच्या चालीत, असतो, असं जाणकार म्हणतात, भावनेचंही तसंच.

‘आपल्याला बुवा शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही’ हे वाक्य मराठी घरांत फार ऐकू येतं. त्या तीस पाश्चात्त्य श्रोत्यांनाही काही कळत नव्हतं, आणि तरी गाण्यातलं दुःख त्यांच्यापर्यंत पोचलं. आपण तर त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे आहोत. दर डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तिथे जाता आलं तर जा, नाहीतर गावातल्या देवळात किंवा शाळेच्या सभागृहात जी मैफल असेल ती गाठा. रागाचं नाव कोणाला विचारू नका. पहिला अर्धा तास गवई कुठल्या स्वरावर रेंगाळतोय आणि कुठला स्वर टाळतोय, एवढंच ऐका. बाकीचं तुमच्या कानाला आधीच ठाऊक आहे.